हौसेला मोल

आमच्या घरात एक लांबट वही आहे, वाण्याच्या गल्ल्याशेजारी असते तसली, लाल कापडी बांधणीची. बायको घरीच अकरावी-बारावीचे अकाउंटचे क्लास घेते, त्यामुळे घरात काहीही सुरू झालं की त्याआधी त्याची वही सुरू होते. या वहीच्या पहिल्या पानावर तिने 'हौस' असं लिहिलं होतं. सतराव्या पानावर ते खोडून 'धंदा' केलंय. त्यापुढे एक प्रश्नचिन्ह आहे. ते तिने इतक्यांदा गिरवलंय की खालच्या दोन पानांवरही उमटलंय.

मी बँकेत आहे. सव्वीस वर्षं लोकांचे पैसे मोजून झाल्यावर आपल्या हातांनी काहीतरी करावं असं मला वाटायला लागलं. याचं खापर मी एका जपानी माणसाच्या हातांवर फोडतो. रात्री अकरा वाजता मोबाइलवर ते हात दिसले. खिडकीबाहेर पाऊस पडतोय, टेबलावर पिवळा दिवा आहे आणि दोन हात चामड्याचं पाकीट शिवतायत. तोंडातून शब्द नाही. हे व्हिडिओ फार फसवे असतात. त्यात फक्त हात दिसतात. चेहरा दाखवला असता तर त्या माणसाच्या मानेची काय अवस्था आहे ते कळलं असतं, आणि मी मोबाइल ठेवून झोपलो असतो.

आता बघा, पाकीट. देशात यूपीआय आलं २०१६ साली. त्यानंतर डोंबिवलीत भाजीवालीपासून वडापाववाल्यापर्यंत सगळ्यांनी चौकोनी ठिपक्यांचे कागद लटकवले आणि लोकांच्या खिशातून पाकिटं नाहीशी व्हायला लागली. बरोबर त्याच मुहूर्तावर मी पाकिटं शिवायला घेतली. हे मला बँकेत बसून कळायला हवं होतं. पण बँकेतल्या माणसाला पैशातलं कळतं हा एक गैरसमज आहे, आणि तो आम्ही लोक फार कष्टाने टिकवून ठेवतो.

पहिलं चामडं आणायला धारावीला गेलो. शीव स्टेशनला उतरून चालत. शीव-वांद्रे लिंक रोडवर चामड्याच्या वस्तूंची दुकानं एकाला लागून एक आहेत, काचेमागे जॅकेटं, बॅगा, पट्टे. मला हवा होता तो माल मात्र आतल्या गल्लीत होता. दुकानदाराने विचारलं, "किती फूट?" मी दोन्ही हात पसरून कापडाच्या दुकानात दाखवतात तसं अंतर दाखवलं. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. इथे फूट म्हणजे चौरस फूट. आणि चामडं कापडासारखं मीटरवर मिळत नाही, कारण म्हैस मीटरवर येत नाही. तिची उभी अर्धी बाजू घ्यावी लागते, पाठीपासून पोटापर्यंत. पाठीकडचं चामडं घट्ट आणि सरळ, पोटाकडचं ढिलं. मानेला सुरकुत्या, आणि मध्येच कुठेतरी काट्याने ओरबाडल्याची खूण. म्हणजे पैसे सगळ्याचे द्यायचे आणि वापरायची फक्त पाठ.

मालाच्या मागच्या बाजूला पेनाने १८ लिहिलं होतं आणि त्याच्या डोक्यावर बारीकसा २. मी शाळेत गणितात बरा होतो. अठराचा वर्ग ३२४. फुटाला १४० रुपये भाव सांगितला होता. मी मनात गुणाकार केला आणि बसायला स्टूल शोधलं. दुकानदाराने पाणी दिलं आणि सांगितलं, की वरचा आकडा पाव फुटांचा असतो. अठरा फूट आणि दोन पाव, म्हणजे साडेअठरा. दोन हजार पाचशे नव्वद रुपये. पंचेचाळीस हजारांवरून खाली आल्यामुळे ते मला इतके स्वस्त वाटले की मी घासाघीस केली नाही. हे वहीच्या दुसऱ्या पानावर आहे, आणि शेजारी बायकोच्या अक्षरात 'घासाघीस नाही' अशी नोंद आहे.

शीवला धीमी गाडीच थांबते. संध्याकाळी पावणेसातची, लोंबकळून भरलेली. खांद्यावर गुंडाळी घेऊन मी कसाबसा आत शिरलो. एकाने विचारलं, "कार्पेट का?" म्हटलं, "नाही, चामडं." बघता बघता माझ्याभोवती चारी बाजूंनी फूटभर जागा झाली. चौरस फूट नव्हे, साधा फूट. डोंबिवलीच्या गाडीत मला इतकी जागा उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. ठाण्यापर्यंत मला त्याचं कौतुक वाटत होतं. ठाण्यानंतर, का कोण जाणे, जरा कमी वाटायला लागलं.

घरी आईने दारातच विचारलं, "कातडं? घरात?" आईशी वाद घालायचा तर पुरावा लागतो. पुरावा माळ्यावर होता. वडिलांचा तबला-डग्गा. त्याची पुडी बकऱ्याच्या चामड्याची, वादी चामड्याची, आणि गुरुपौर्णिमेला आई स्वतः त्याला हळदकुंकू वाहते. मी तो खाली काढून तिच्या पुढ्यात ठेवला. आईने त्याच्याकडे पाहिलं, माझ्या गुंडाळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ते वाजतं." यावर मला काही उत्तर सुचलं नाही.

पुढे माझंही वाजायला लागलं. चामड्याला टाके घालायचे तर आधी भोकं पाडावी लागतात. काट्याच्या चमच्यासारखं दातेरी हत्यार चामड्यावर धरायचं आणि वरून हातोडी. खाली ग्रॅनाइटचा तुकडा. त्याच्या खाली आमची फरशी, आणि तिच्या खाली दुसऱ्या मजल्यावरचे काका. एका पाकिटाला दीडशे टाके धरा. काकांनी पहिल्या आठवड्यात विचारपूस केली, दुसऱ्या आठवड्यात सोसायटीकडे अर्ज केला आणि तिसऱ्या आठवड्यात पट्टा दुरुस्तीला आणून दिला. पट्टा फुकट दुरुस्त करून मिळतोय असं दिसल्यावर अर्ज मागे घेतला गेला. वहीत हे 'जाहिरात खर्च' या सदराखाली आहे.

पहिलं पाकीट मी अमेरिकेतल्या कुठल्याशा नमुन्यावरून केलं. नमुना विकत घेतला, छापला, कापला, शिवला. दोन रविवार गेले. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्हीकडून सुई जाते. दोरा शिवणीच्या चौपट घ्यावा लागतो, आणि तो चौपट दोरा तुमच्या कोपराला, खुर्चीच्या हाताला आणि चष्म्याला मिळून एक वेगळी शिवण घालत असतो. पाकीट झालं. मी एटीएमचं कार्ड घातलं. जाईना. कार्ड असतं ८५.६ मिलिमीटर रुंद, जगभर तेवढंच. माझा कप्पा ८३ भरला. मग नोटा घालून पाहिल्या. दहाची मावली. वीसची मावली. पन्नासपासून पुढच्या सगळ्या डोकं वर काढून बघायला लागल्या. हिशेब बरोबर होता. दहा आणि वीसच्या नव्या नोटा उंचीला ६३ मिलिमीटर, पन्नासपासून पुढच्या सगळ्या ६६. छापताना प्रिंटरने 'कागदात बसवा' हा आपल्याच मनाचा हुकूम पाळून सगळा नमुना शेकडा सहाने लहान केला होता. म्हणजे मी अस्सल चामड्याचं, हातशिलाईचं असं एक पाकीट तयार केलं होतं, की ज्यात जास्तीत जास्त वीसची नोट ठेवता येते. ते मी अजून वापरतो. महिनाअखेरीला त्याच्याइतकं योग्य मापाचं पाकीट नाही.

मग मी मामांकडे गेलो.

स्टेशनच्या जिन्याखाली गटई कामगारांचा सरकारी पत्र्याचा स्टॉल असतो तसा मामांचा स्टॉल आहे. आत संत रोहिदासांचा फोटो, त्याला रोज ताजी फुलं. गेली वीस वर्षं माझे बूट तेच शिवतात. पण त्यांच्या हातांकडे मी कधी पाहिलं नव्हतं. गाडी पकडायची असते हो. आता पाहिलं. मामांच्या आरीच्या टोकाला बारीक खाच असते. आरी आत जाते, खालून दोरा त्या खाचेत अडकतो, आरी वर येते ती फासा घेऊनच. एक हात वर, एक हात बुटाच्या आत, आणि डोळे समोरच्या पानवाल्याशी बोलत असतात. मी माझा दोन सुयांचा प्रकार दाखवला. मामा मनापासून हसले. म्हणाले, "साहेब, दोन माणसांचं काम एकट्यानं करताय." त्यांना दोन सुयांचा टाका माहीत होता. त्यातला एक टाका तुटला तरी बाकीचे सुटत नाहीत, हेही माहीत होतं. "पर तेवढा येळ गिऱ्हाईक उभं राहत न्हाई," म्हणाले.

त्यांनी माझी रापी बघायला मागितली. रापी म्हणजे चामडं कापायचं आणि तासायचं रुंद पात्याचं हत्यार. माझी परदेशी बनावटीची होती, तिच्या किमतीत मामांची सगळी अवजारं आली असती. त्यांनी अंगठ्याने धार पाहिली आणि विचारलं, "ह्यानं पाव कापता का?" नंतर महिनाभर रोज संध्याकाळी पाच मिनिटं त्यांनी मला दगडावर पातं कसं फिरवायचं ते शिकवलं. बोथट हत्यारानेच बोट जास्त कापतं, धार असली की ते सांगितल्या वाटेने जातं. माझ्या डाव्या अंगठ्यावर या वाक्याच्या चार खुणा आहेत.

या शिकवणीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मी आग्रह केला, तर म्हणाले, "हौस आहे तुमाला, हौसेला काय मोल आसतं व्हय?"

हेच वाक्य मी घरी येऊन बायकोला मोठ्या अभिमानाने सांगितलं. ती वही भरत होती. न बघता म्हणाली, "असतं. आतापर्यंत चौतीस हजार दोनशे."

विक्री कशी सुरू झाली ते सांगण्यासारखं काही नाही. बँकेतल्या सहकाऱ्याने मापात बसलेलं चौथं पाकीट पाहिलं, आवडलं, किती म्हणाला. मराठी माणसाला या प्रश्नाची भयंकर भीती वाटते. 'किती?' असं विचारलं की आपल्या तोंडून पहिलं वाक्य येतं, "अहो, तुमच्याकडून काय घ्यायचे!" त्याने तीनशे दिले. त्या पाकिटात २१० रुपयांचं नुसतं चामडं होतं. दोरा, मेण, कडांना चोळायचा डिंक, शिवाय सहा तास. पण तीनशे रुपये पाहून मला पहिला पगार मिळाल्यासारखं झालं आणि मी सगळ्यांना पेढे वाटले. पेढे साडेतीनशेचे.

त्या रात्री बायकोने मला समोर बसवून अकरावीतल्या मुलाला शिकवावं तसं कॉस्टिंग शिकवलं. कच्चा माल, वाया गेलेला माल, अवजारांची झीज, वीज, डबा. सगळं लिहून झाल्यावर विचारलं, "मजुरी? तुझ्या तासाचा दर काय लावायचा?" मी म्हटलं, "माझा कसला दर, मला आवडतं म्हणून करतो." तिने मजुरीच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. "मग सहा तासांचे सहा गुणिले शून्य," ती म्हणाली. तिच्या क्लासमधली पोरं दाराआडून ऐकत होती. त्यातला एक दुसऱ्या दिवशी अत्यंत सहानुभूतीने माझ्याकडे बघून गेला.

धंदा तिच्याच नावावर आहे. बँकेतल्या माणसाला स्वतःचा व्यवसाय करता येत नाही, त्यामुळे ती मालकीण आणि मी बिनपगारी कारागीर. उद्यम नोंदणी केली. ती फुकट असते, म्हणून मीच आग्रह धरला. त्यात आपल्या धंद्याचा सरकारी क्रमांक निवडायचा असतो. आमचा वर्ग निघाला १५१२: प्रवासी सामान, हातपिशव्या आणि तत्सम वस्तू, खोगिरं आणि घोड्याचा साज. म्हणजे माझ्या कामाची खोगीरभरतीत गणना सरकार दरबारीही झाली. दाखल्यावर आमचा उद्योग 'सूक्ष्म' असल्याचं छापून आलं. त्याचा मला आधी जरा अपमान वाटला. मग नियम वाचला. एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या उद्योगाला सूक्ष्म म्हणतात. आमची होती अकरा हजार चारशे. सूक्ष्माच्या खाली पाहायला सरकारकडे भिंग नसावं.

नाव मुलीने ठेवलं. इंग्रजी, आणि पुढे 'अँड को.' आईने विचारलं, "ही को. कोण?" मुलगी म्हणाली, "तूच की, आजी." तेव्हापासून आईचा कातड्याला असलेला विरोध मावळला आणि ती मालाच्या दर्जाबद्दल बोलायला लागली.

नावाची जादू मात्र खरी. आमच्या आत्याचे यजमान सुरुवातीला एका बारशात मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "बँकेत आहेस ना? मग हे कसलं काम? आपल्यात कोणी केलं नव्हतं." तीन महिन्यांनी एका मुंजीत त्यांनीच माझी ओळख करून दिली, "हे हँडक्राफ्टेड लेदर करतात." मधल्या काळात माझ्या टाक्यात फारसा फरक पडला नव्हता. नाव इंग्रजी झालं होतं आणि पाकीट अठराशेचं. तीच आरी, तेच मेण, तोच दोरा. मामांनी केलं की दुरुस्ती, मी केलं की क्राफ्ट. ज्यांच्या कित्येक पिढ्यांनी हे हात कमावले त्यांना गावाने वेशीबाहेर बसवलं, आणि मला सोसायटीने कोजागरीला शाल-श्रीफळ दिलं. शाल मी घेतली. नको म्हणायला हवं होतं का, याचा विचार मी ती घरी आणल्यावर केला.

'नको' वरून आठवलं.

मे महिन्यात लग्नाची ऑर्डर आली. पाहुण्यांना द्यायला साठ कार्डहोल्डर, नगाला ३५० रुपये. मुदत तीन आठवडे. वरपक्षाची इच्छा होती, की प्रत्येकावर वधूवरांच्या नावाची आद्याक्षरं मराठीत उमटवावीत. इंग्रजी अक्षरांचे ठसे संचात मिळतात. मराठीचं तसं नाही. वेलांटी कुठे ठोकायची आणि शिरोरेषा सरळ कशी ठेवायची यातच माणूस म्हातारा होतो. म्हणून पितळेचा ठसा मुद्दाम करून घेतला. मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर न, मुलीच्या नावाचं को. मध्ये नाजूक बदाम. वरपक्षाने मोबाइलवर पाहून पसंत केला. मी, बायको, मुलगी, सगळ्यांनी पाहिला. रात्री बसून तेवीस तुकड्यांवर ठसा उमटवला. चामडं जरा ओलं करून दाबलं की इतका सुरेख उठतो!

सकाळी आई चष्मा लावून आली. एक तुकडा उचलला, लांब धरला. "लग्नाच्या भेटीवर 'नको' कशाला रे लिहिलंय?"

घरात शांतता पसरली. बदाम होता मध्ये, पण बदाम कोणी वाचत नाही. वरपक्षाला फोन केला. पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. शेवटी मुलीच्या बाजूने सुचवलं, की मुलीचं अक्षर आधी घ्या. तसं केलं. 'कोन' झालं. ते कशात बसत नव्हतं, पण निदान कशाला नकार देत नव्हतं. ठसा पुन्हा केला. लग्नात एका गावाकडच्या आजोबांनी ते वाचून "कोन? आमी मुलाकडचे," असं उत्तर दिल्याचं मुलगी सांगते. मी तेव्हा जेवत होतो.

हिशेब वहीत आहे. आले २१,०००. चामडं आणि दोरा ७,८००, वाया गेलेले तुकडे १,५००, दोन ठसे १,८००, डबे २,१००, रिक्षा ३००. उरले ७,५००. नगाला अडीच तास, म्हणजे दीडशे तास. तासाला पन्नास रुपये. त्यात शेवटच्या चार रात्री क्लासची पोरं दोऱ्याला मेण लावत होती, त्यांचे वडे धरलेले नाहीत.

जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला रॅम्पवर आणल्या आणि त्यात कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन दिवस रणकंदन झालं. कोल्हापुरीला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालंय, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, यावरून मग सीमाप्रश्न निघाला. पुढे ओरड वाढल्यावर कंपनीने प्रेरणा इथलीच असल्याचं मान्य केलं. या भांडणात सर्वांत तावातावाने बोलणारे जे गृहस्थ होते, ते त्याच आठवड्यात माझ्याकडे पाकिटाची चौकशी करायला आले. अठराशे ऐकल्यावर म्हणाले, "स्टेशनवर दोनशेला मिळतं की!" त्यांचा संताप अगदी खरा होता, फक्त तो मिलानपुरता होता.

मग पाऊस. व्हिडिओतल्या जपानी माणसाच्या खिडकीबाहेर पडतो तो नव्हे, डोंबिवलीचा. जुलैच्या मध्यात कपाट उघडलं तर तयार मालावर पांढरी लव आलेली. मी वापरतो ते चामडं झाडांच्या साली वगैरेंत मुरवून कमावलेलं असतं. क्रोमच्या क्षारांनी दिवसभरात जमणारं काम इथे कित्येक आठवडे चालतं. उन्हाने आणि हाताच्या तेलाने हे चामडं छान रापतं, हा त्याचा गुण. आणि दमट हवेत त्याच्यावर बुरशीही छान येते. एका गिऱ्हाइकाने फोटो पाठवून विचारलं, "याला केस येतायत. म्हैस जिवंत आहे का?" सगळा माल पुसला, खिडकीत मांडला, पंखे लावले. वीजबिल वहीत आहे.

गणपतीच्या आधी गृहोद्योगाच्या प्रदर्शनात दोन दिवसांचं टेबल घेतलं. एका बाजूला कुरडया-पापड, दुसऱ्या बाजूला चकलीची भाजणी, मध्ये आम्ही. लोक भाजणीच्या वासाने यायचे आणि आमच्या वासाने पुढे जायचे. जे थांबायचे त्यांच्यातल्या एकाने खिशातून लायटर काढला. अस्सल चामडं जळत नाही असं त्याने ऐकलं होतं. बायकोने त्याला आधी पावती फाडायला लावली, मग जाळा म्हणाली. लायटर परत खिशात गेला. एका बाईंनी 'व्हेजिटेबल टॅन' ही पाटी वाचून हायसं वाटल्यासारखं विचारलं, "म्हणजे शाकाहारी ना?" मी म्हशीबद्दल बोलायला तोंड उघडणार एवढ्यात आई पुढे झाली. "बाभळीची साल आणि हिरडा असतो हो त्यात. हिरडा पोटाला फार चांगला." बाईंनी पिशवी घेतली. मला अजून खात्री नाही, की आम्ही खोटं बोललो की नाही.

पापडवाल्या ताई चार वाजता रिकाम्या टेबलामागे पाय सोडून बसल्या. माझा माल जसाच्या तसा. त्यांनी सल्ला दिला, "भाऊ, चवीला काहीतरी ठेवा." चवीला ठेवण्यासारखं माझ्याकडे एकच होतं. लग्नाचे वाया गेलेले तेवीस तुकडे. मुलीने ते गोल कापून, कडी लावून त्यांची किल्ल्यांची कीचेन केली होती. टेबलावर ओतली. शंभराला एक.

एका कॉलेजच्या मुलाने एक उचललं. "काय लिहिलंय?"

"नको," मी म्हणालो.

"मग विकायला कशाला ठेवलंय?"

पण हसला आणि दोन घेऊन गेला. अर्ध्या तासात तेवीस संपली. एकीने बॉससाठी घेतलं, एकीने होणाऱ्या सासूसाठी. लोकांच्या मनात इतका 'नको' साठलेला आहे आणि त्याला वाट मिळत नाही, हे मला बँकेत सव्वीस वर्षं काउंटरवर बसून कळलं नव्हतं. त्या तेवीसशे रुपयांना वहीत एक स्वतंत्र पान आहे. आजवरच्या व्यवहारांत निव्वळ नफा एवढ्या एकाच पानावर आहे. ठसा जपून ठेवलाय. आणखी दोनशेची मागणी आहे. सहा तास खपून मी जे पाकीट करतो, ज्याच्या कडा मी चार वेळा घासून आरशासारख्या करतो, त्याला मात्र लोक हात लावतात, वा म्हणतात आणि ठेवतात.

परवा ऑफिसला निघालो होतो. खांद्यावर माझीच, मी शिवलेली बॅग. जिन्यात पट्ट्याची कडी तुटली आणि बॅग सरळ खाली. गाडी चार मिनिटांत होती. मामांच्या स्टॉलवर टाकली. त्यांनी ती हातात घेऊन आधी शिवण पाहिली, टाक्यांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. माझ्या पोटात दहावीच्या निकालाच्या दिवशी होतं तसं झालं.

"तुमी शिवली?"

"हो."

"टाका बसलाय," म्हणाले. आणि कडी उलटी करून दाखवली. वरचा सोनेरी मुलामा उडाला होता, आत सगळा गंज. पावसात खाल्ली होती. मामांनी डब्यातून दुसरी कडी शोधली, जुनी शिवण उसवली, आरी आत गेली, फासा वर आला. माझी चाळीस मिनिटांची शिवण त्यांनी पानवाल्याशी गप्पा मारत तीन मिनिटांत घातली.

"केवढ्याला जाते ही?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

बॅग चार हजार दोनशेला जाते. बायकोने काढलेला भाव आहे, मजुरीच्या रकान्यात आता शून्य नसतं. पण त्या पत्र्याच्या स्टॉलसमोर उभं राहून तो आकडा माझ्या तोंडून बाहेर पडेना. मी म्हणालो, "दोन हजार."

मामांनी दोरा दाताने तोडला.

"मग कडी पितळंची घाला की, साहेब."

"किती झाले?"

"तीस."

मी समोरच्या ठिपक्यांवर मोबाइल धरला. गाडी फलाटात शिरत होती. मी जिना चढायला लागलो तेव्हा मागून स्टॉलमधल्या त्या डबीने अख्ख्या स्टेशनला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की तीस रुपये मिळाले.